अर्ध्या वाटेवरून मारलेली हाक

आमच्या घरात पत्र्याच्या दोन पेट्या होत्या. एकीत गणपतीच्या आराशीचं सामान असायचं आणि दुसरीत वादळाचं. गणपतीची पेटी वर्षातून एकदा माळ्यावरून उतरायची. वादळाची पेटी कधी माळ्यावर गेलीच नाही. ती माजघराच्या दाराशी, येताजाता पायाला लागेल अशीच ठेवलेली असे. तिच्यावर बसायचं नाही, तिच्यावर काही ठेवायचं नाही, असा आईचा नियम. वाडीतल्या बायका या पेटीला हसायच्या. बाबा मुंबईला गिरणीत होते, गणपतीला आणि शिमग्याला घरी यायचे, तेही हसायचे. "तुमच्या आईनं वादळाशी सोयरीक जुळवलीय, आता ते कधी पाहुणचाराला येतंय याचीच वाट बघत्ये," असं म्हणायचे. आई मात्र हसायची नाही. तिचं माहेर आंजर्ल्याचं. ती सात-आठ वर्षांची असताना तिकडे एक मोठं वादळ झालं आणि त्यात त्यांच्या घराचं छप्पर उडालं. पण तिला छपराचं दुःख नव्हतं. ती सांगायची ती काड्यांची गोष्ट. घरातल्या, शेजारच्या, साऱ्या आळीतल्या काडेपेट्या भिजून लगदा झाल्या आणि तीन दिवस कुणाच्या घरी चूल पेटली नाही. तान्ह्या भावाला ताप होता आणि त्याला द्यायला घोटभर कढत पाणी नव्हतं. भाऊ वाचला. पण आईच्या मनात त्या ओल्या काड्या कायमच्या राहिल्या.

म्हणून पेटीत सगळ्यात आधी काडेपेट्या. एका बिस्किटाच्या डब्यात सहा पेट्या, डब्याच्या झाकणाला मेणबत्तीचं मेण ओतून बंद केलेल्या. मग एक लहान कंदील, एक बाटली रॉकेल, भाजलेले चणे, गूळ, पोहे, मीठ, साखर. काथ्याची दोरी आणि कोयती. कापूस, टिंक्चर, जुन्या नऊवारीच्या फाडून गुंडाळलेल्या पट्ट्या आणि हातभर लांबीच्या चार बांबूच्या कामट्या. या कामट्या कशाला, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "कुणाचं हाड मोडलं तर बांधायला." खताच्या पिशवीच्या आत जे जाड प्लॅस्टिक असतं ते धुऊन वाळवून त्यात रेशनकार्ड, सातबारा, आमचे शाळेचे दाखले. ही पिशवी पेटीत नव्हे, तर खुंटीला. पेटी आईच्या डोक्यावर जायची आणि पिशवी माझ्या थोरल्या बहिणीच्या, माईच्या गळ्यात. दोन्ही एकाच माणसाजवळ ठेवायचं नाही, कारण माणूस वाहून जाऊ शकतं. हे ती भाजी निवडताना सांगावं तसं सांगायची.

परवा माझ्या मोबाइलवर वादळाचा इशारा आला तेव्हा जावयानं सगळ्यांना एक यादी पाठवली. घरात काय काय तयार ठेवावं त्याची. मी ती चष्मा लावून वाचली. पॉवर बँक सोडली तर त्यात एकही वस्तू अशी नव्हती जी आईच्या पेटीत नव्हती. नात म्हणाली, "आजी, तुला हे सगळं आधीच कसं माहीत?" मी तिला पेटीचं सांगितलं. पुढचं सांगितलं नाही. ते इथे लिहिते आहे.

आईनं नुसती पेटी भरली नव्हती, कोणी काय करायचं हेही ठरवलं होतं. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर लिहून तो कागद तिनं देवघराच्या भिंतीला लावला होता. गोठ्यातली गुरं सोडणं आणि कागदांची पिशवी, माई. पेटी, चुलीतला विस्तव विझवणं आणि दारं, आई. आणि शेवटच्या ओळीत, भागीकाकूंना आणणं, नलू. नलू म्हणजे मी. वर्षातून दोनदा, एकदा मेमध्ये आणि एकदा गणपती गेल्यावर, आई अचानक पितळेचं ताट बडवायची की आम्ही हातातलं टाकून आपापल्या कामाला धावायचं. शेवटी सगळ्यांनी वर सड्यावरच्या, म्हणजे माथ्यावरच्या कातळसपाटीवरच्या, शाळेत पोचायचं. शाळा चिऱ्याच्या भिंतींची, वर स्लॅब, आमच्या वाडीतली तेवढी एकच इमारत वाऱ्याला भीक न घालणारी.

भागीकाकू आमच्या खाली राहायच्या. मालगुंडच्या अलीकडे जिथे खाडी समुद्राला मिळते तिथे उतारावर आमची वाडी. आमचं घर उताराच्या मध्यावर, आणि काकूंचं घर अगदी तळाला, माडांत. मधे चौऱ्याऐंशी पायऱ्यांची पाखाडी, जांभ्याच्या दगडांची. काकू नात्यानं आमच्या कोणी नव्हत्या. नवरा लवकर गेलेला, एकुलता मुलगा मुंबईला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोरचं माणूस त्यांना धुरातल्यासारखं दिसायचं. पण कान असे की पाखाडीवरून कोण उतरतंय हे पावलावरून सांगायच्या. मी त्यांच्या घरचीच होते म्हटलं तरी चालेल. शाळेतून आल्यावर आधी खाली, त्यांच्या चुलीपाशी. तांदळाची भाकरी तव्यावरून थेट माझ्या हातात यायची, वर भाजलेल्या सुकटीची चिमूट आणि खोबरेल तेलाचे दोन थेंब. हा घास मी पुढे कुठे कुठे करून पाहिला, तशी चव आली नाही.

आईच्या कवायतीची काकूंना भारी हौस. ताट वाजलं की त्या ठेवणीतलं लुगडं नेसून तयार. मी धापा टाकत दारात पोचायचे, त्यांचा हात माझ्या खांद्यावर घ्यायचे आणि आम्ही चढायला लागायचो. पायऱ्या त्या पायानं चाचपत, मोजत चढायच्या. मी घाई केली की म्हणायच्या, "हळू चल गो बाय, वादळ काय आज येत नाय." वर शाळेत पोचलो की कनवटीच्या पुरचुंडीतून लाह्या काढून सगळ्यांना वाटायच्या. आई घड्याळ बघून किती मिनिटं लागली ते सांगायची आणि काकू म्हणायच्या, "बघा, म्हातारी घेऊन पण पोर पयली आली."

ज्या वर्षीची ही गोष्ट त्या वर्षी मी चौदा वर्षांची होते आणि काकूंवर रुसले होते. शाळा बुडवून आम्ही तिघी मैत्रिणी खाडीपलीकडे तंबूतला सिनेमा बघायला गेलो होतो. परतताना तरीच्या होडीतून हसत खिदळत उतरलो, आणि काकू तिथे किनाऱ्यावर शिंपल्या धूत बसल्या होत्या. त्यांना मी दिसणं शक्य नव्हतं. पण आवाज ओळखला. संध्याकाळी आईला त्यांनी सहज विचारलं, "आज शाळा लवकर सुटली काय?" त्यांच्या मनात काही नव्हतं, हे मला आज कळतं. आईनं मला फोकानं मारलं आणि शाळेच्या सहलीला पाठवलं नाही. सहल रत्नागिरीला होती, किल्ला आणि दीपस्तंभ बघायला. वर्गातल्या सगळ्या मुली गेल्या आणि मी घरी भात झोडत बसले. त्या दिवसापासून मी काकूंकडे गेले नाही. त्या पाखाडीच्या तळाशी उभ्या राहून हाका मारायच्या, "नलू, भाकरी झाली गो." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. पंधरा दिवस झाले असतील.

आणि मग वादळ आलं. उरलेली भातं कापून मळ्यात पसरलेली होती. सकाळी रेडिओवर सांगितलं की होड्यांनी परत फिरावं, किनाऱ्यावरच्या लोकांनी जपून राहावं. असं तर पूर्वीही सांगायचे. पण दहाच्या सुमाराला आभाळाला हळदीच्या पाण्यासारखा रंग आला आणि समुद्राचा आवाज बदलला. रोजचा आवाज वाळू ओढत नेल्यासारखा असतो. त्या दिवशी दूर कुणी उखळात मुसळ घालावं तसे ठोके येऊ लागले. आई ओट्यावर उभी राहून बराच वेळ ऐकत होती. मग आत आली, ताट उचललं आणि बडवलं. त्या वेळचं तिचं तोंड पाहून ही कवायत नव्हे, हे आम्हाला कुणी सांगावं लागलं नाही. माई गोठ्याकडे धावली. आईनं चुलीवर पाणी ओतलं आणि मला म्हणाली, "जा, काकूला घेऊन थेट शाळेत ये. घरात शिरू नको परत."

मी निघाले. हे मी स्वतःशी नेहमी म्हणत आले, की मी निघाले होते. पाखाडीच्या निम्म्यावर एक वळण आहे, तिथे रायवळ आंब्याचं झाड आणि शेजारी एक गवताची खोप. तिथपर्यंत मी पोचले. वारा तोपर्यंत असा झाला होता की झाडाला धरून उभं राहावं लागे. खाली माड एकमेकांवर आपटत होते. काकूंचं घर त्यांच्या आड, दिसत नव्हतं. एक झावळी माझ्यासमोर चार पायऱ्यांवर येऊन पडली. मला भीती वाटली, हे खरं आहे. पण नुसतीच भीती असती तर मी आज एवढं लिहायला बसले नसते. त्या क्षणी माझ्या मनात आलं ते हे की, हिच्यामुळे माझी सहल गेली, आता मीच हिला आणायला जायचं. येईल आपली आपण, पायऱ्या पाठच आहेत. मी झाडाला धरूनच हाक मारली, "काकूऽ, वर याऽ!" एकदा मारली की दोनदा, आठवत नाही. उत्तराची वाट बघितली नाही. वळले आणि पळत सुटले.

शाळेत वीस-पंचवीस माणसं जमली होती. आई पेटी उतरवून दारातच उभी होती. "काकू?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "त्या म्हणाल्या, तू हो पुढे, मी येत्ये मागनं." हे वाक्य मी वाटेत जुळवलं नव्हतं. तोंडात तयार असल्यासारखं आलं, काकूंच्या बोलण्याच्या ढबीत. आईनं थोडा वेळ वाट पाहिली. मग पदर खोचून ती बाहेर पडू लागली तेव्हा जमलेल्या पुरुषांनी तिला अडवलं. पाखाडीवर झाडं कोसळायला लागली होती. पण तेव्हाही कुणी दोघं उतरले असते तर पोचले असते, असं नंतर सगळेच म्हणत. आई माझ्यासमोर वाकली, माझे दोन्ही दंड धरले आणि म्हणाली, "नलू, माझ्याकडे बघ. नक्की येत्ये म्हणाली?" मी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हो. म्हणाली."

पुढचे चार तास मी कसे काढले ते मला सांगता येणार नाही. भर दुपारी शाळेत अंधार झाला. आईनं डब्याचं मेण कोयतीनं खरवडून काढलं, पहिल्याच काडीला कंदील पेटला आणि सगळ्यांनी हुश्श केलं. ज्या बायका तिला हसायच्या त्याच म्हणाल्या, "तू होतीस म्हणून गो." चणे-गूळ वाटले गेले. माझ्या वाट्याचे चणे मी तोंडात धरून बसले. दर थोड्या वेळानं आई उठून दाराच्या फटीला डोळा लावायची आणि परत येऊन बसायची. एकदा म्हणाली, "वळणावरच्या खोपीत थांबली असेल. शहाणी आहे ती." मला कळलं की ती हे माझ्यासाठी म्हणते आहे, मला धीर यावा म्हणून.

उन्हं कलताना वारा पडला. इतका पडला की कान गच्च झाल्यासारखे वाटले. आई सगळ्यांच्या पुढे धावली, मी तिच्या मागे. आमच्या घराची कौलं गेली होती, तिनं तिकडे मान वळवूनही पाहिलं नाही. खाली एक माड मुळापासून उपटून काकूंच्या घराच्या पुढच्या पडवीवर आडवा झाला होता. पडवी जमीनदोस्त, आणि वाश्यांच्या खाली काकू. जिवंत होत्या. शुद्धीवर होत्या. पुरुषांनी वासे उचलले, आईनं कामट्या आणि पट्ट्या मागवून त्यांचा पाय कमरेपासून बांधला. बांधता बांधता रडत होती आणि बोलत होती, "काकू, येत्ये म्हणालात ना नलूला? मग आला का नाहीत हो?"

काकूंनी मान वळवली. मी कुठे उभी आहे हे त्यांना बरोबर कळलं, बहुतेक माझ्या श्वासावरून. मग म्हणाल्या, "होय. म्हटलं होतं. शेळी सोडीत बसले आणि वेळ झाला. माझंच चुकलं गो."

काकूंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी रस्ता मोकळा झाल्यावर त्यांना रत्नागिरीला नेलं, आणि महिन्याभरानं मुलगा येऊन त्यांना मुंबईला घेऊन गेला. पुन्हा त्या आल्या नाहीत. चौऱ्याऐंशी पायऱ्या चढणं-उतरणं आता त्यांना जमणार नव्हतं, आणि घरही राहण्याजोगं उरलं नव्हतं. जाताना त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि मी तशीच उभी राहिले. त्या गेल्यावर आईनं देवघराच्या भिंतीवरचा कागद काढला. शेवटच्या ओळीतलं माझं नाव खोडलं आणि तिथे लिहिलं, "मी स्वतः". काकू तर गेल्या होत्या. तरीही लिहिलं. त्या वर्षापासून आई बदलली. कुणी तिच्या पेटीचं कौतुक केलं की उठून आत जायची. "पोरीला पाठवायला नको होतं, मीच जायला हवं होतं," हे ती मुंबईहून आलेल्या बाबांना सांगत होती, ते मी कणग्याआडून ऐकलं. माझं पाप आई वाहत होती आणि मी ते तिच्या डोक्यावर राहू दिलं.

वीस वर्षांची झाले तेव्हा शिक्षिकेची परीक्षा देऊन मी बाबांकडे मुंबईला गेले होते. एका दुपारी हिय्या करून काकूंच्या मुलाच्या घरी गेले. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली. खिडकीपाशी काकूंची खाट, आणि खिडकीबाहेर हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत. मी जिना चढून दारात उभी राहिले, बोललेही नाही, तर म्हणाल्या, "नलू ना गो?" सून पाणी भरायला खाली गेली तेव्हा मी सगळं सांगितलं. वळणापर्यंतच आले होते. रुसले होते. खोटं बोलले.

"हाक ऐकली मी," काकू म्हणाल्या. "दोनदा मारलीस."

"मग आला का नाहीत?"

"मी काय एकटी येणार? डोळ्यांनी दिसत नाय. म्हटलं पोर येत्ये. दर वर्षी दारात येऊन हात धरायचीस ना? माजघरात बसले होते, ती उठून पुढल्या पडवीत येऊन बसले. म्हटलं वाऱ्यापावसाची तुला आत शिरायला लागू नये."

त्या हे तक्रार म्हणून सांगत नव्हत्या. विचारलं म्हणून सांगितलं. पण मला त्यांच्या घराचं माजघर आठवलं. वादळानंतरही त्याच्या चारी भिंती उभ्या होत्या, वरची कौलंसुद्धा निम्मी शाबूत होती. आईनं काकूंची भांडी तिथूनच उचलून आणली होती. मी मुळी गेलेच नसते, हाकच मारली नसती, तर काकू माजघरात राहिल्या असत्या. इतकी वर्षं मी स्वतःला एवढंच समजावत होते की निदान हाक तरी मारली. आणि नेमकी ती हाकच त्यांना पडवीत घेऊन आली होती.

मी रडायला लागले तशा त्या म्हणाल्या, "मला कशाला सांगतेस? मला ठाऊकच हाय. तुझ्या आईला सांग. ती दर महिन्याला पत्र घालत्ये. पोरगा वाचून दाखवतो. दर पत्रात तेच, काकू, मी यायला हवं होतं. त्याला मी काय उत्तर घालू? तिला सांगून टाक गो बाय."

मी हो म्हणाले. आणि सांगितलं नाही. घरी गेले तेव्हा आई परीक्षेचं विचारत होती, मग माझं लग्न ठरलं, मग माईचं बाळंतपण निघालं. माहेरी गेल्यावर दर वेळी मनाशी म्हणायचे, आज सांगायचं. आई समोर आली की गोष्ट दुसरीच निघायची. लिहिताना सुद्धा हात अडतो आहे. चौदाव्या वर्षी केलं ते एका मुलीनं केलं, असं म्हणता येईल. पण या पुढच्या वर्षांना काय म्हणायचं? ती मी शहाणीसुरती, शिकलेली, वर्गातल्या मुलांना खरं बोला म्हणून सांगणारी होते.

काकू गेल्याचं कार्ड आलं तेव्हा मी मुलांना घेऊन माहेरीच होते. मे महिना होता, आई मागीलदारी कोकमासाठी रातांबे फोडत बसली होती. मी कार्ड वाचून दाखवलं. तिनं हातातला रातांबा खाली ठेवला आणि म्हणाली, "मला माफ न करताच गेली बघ." तेव्हा मी सांगितलं. उभ्यानंच, सगळं, वळणावरच्या झाडापासून मुंबईच्या खिडकीपर्यंत. शेवटी तिनं फक्त विचारलं, "पुढल्या पडवीत बसली होती, तुझ्यासाठी?"

"हो."

रातांब्यांच्या रसानं तिची बोटं लाल झाली होती. ती तिनं पदराला पुसली नाहीत, तशीच मांडीवर ठेवून बसली. अंगणात माझी मुलं भांडत होती, त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिवशी शाळेत सांगितलं असतंस, तर तुझ्या दोन थोबाडीत दिल्या असत्या आणि पोटाशी घेतलं असतं. आता तू दोन पोरांची आई. आता मी काय करू गो तुझं?"